डिस्क रिकामी, तरी ‘डिस्क कोटा एक्सीडेड’: लिनक्स कर्नलमधल्या लॉगइन सेशनचा पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

सर्व्हरवर लॉगइन होतं. पासवर्ड बरोबर असतो, एसएसएचची काही तक्रार नसते. पण केइनिट (कर्बेरॉस या लॉगइन-व्यवस्थेचं तिकीट घेणारी कमांड) चालवलं की ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ येतं, आणि डीएफ पाहिलं तर निम्मी डिस्क मोकळी दिसते. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर कंटेनर सुरू होताना हाच संदेश मिळतो. तिसरीकडे रात्री टीमक्समध्ये (लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) सोडलेलं काम सकाळी ‘की हॅज बीन रिव्होक्ड’ म्हणून अडकून पडलेलं असतं. यंत्र रीबूट केलं की सगळं सुरळीत होतं, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू.

हे तीन वेगळे बिघाड वाटले तरी तिन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. लॉगइननंतर मिळालेली तिकिटं, टोकन, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कर्नल ज्या ‘सेशन कीरिंग’मध्ये जपतो, तिच्यासाठीचा यूझरचा कोटा एकतर भरला आहे, ती रद्द झाली आहे, किंवा अडलेल्या प्रोसेसला भलतीच मिळाली आहे. म्हणून पासवर्ड बदलून, पुन्हा पुन्हा केइनिट करून किंवा फाइलसिस्टिमचा कोटा वाढवून काहीच हाती लागत नाही. इथे पहिला प्रश्न एकच विचारायचा: अडलेली प्रोसेस नेमकी कोणत्या कीरिंगला धरून आहे?

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका. बहुतेक काम ‘कीसीटीएल’ या एका कमांडवर भागतं. ती ‘कीयूटिल्स’ या पॅकेजमध्ये येते, आणि बऱ्याच यंत्रांवर हे पॅकेज मुळात बसवलेलंच नसतं.

आधी एरर नीट वाचा

संदेशातल्या शब्दांपेक्षा एररचा क्रमांक जास्त सांगतो. एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावलात तर ही नावं दिसतील:

१२२, ईडीकोट: ‘डिस्क कोटा एक्सीडेड’. त्या यूझरच्या किल्ल्यांची संख्या किंवा बाइट्स कर्नलच्या मर्यादेला टेकले. डिस्कचा संबंध नाही. दोन्ही प्रकारच्या कोट्यांसाठी कर्नल हाच एक क्रमांक देतो आणि सी लायब्ररी त्याच्यापुढे ‘डिस्क’ हा शब्द छापते, एवढंच.

१२६, ईनोकी: ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’. या प्रोसेसच्या कीरिंगमध्ये किल्ली सापडली नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कीरिंगमध्ये ती व्यवस्थित असू शकते.

१२७, ईकीएक्स्पायर्ड: किल्लीची मुदत संपली. नवं तिकीट घेतलं की प्रश्न मिटला.

१२८, ईकीरिव्होक्ड: किल्ली किंवा अख्खी कीरिंग रद्द झाली. हे जवळजवळ नेहमी लॉगआउटमुळे होतं.

१२९, ईकीरिजेक्टेड: समोरच्या सेवेने किल्ली नाकारली. हा बिघाड या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे, सर्व्हरच्या बाजूने शोधा.

१३, ‘परमिशन डिनाइड’: किल्ली तुमच्याच यूआयडीची (यूझरच्या क्रमांकाची) असूनही वाचता येत नाही. सगळ्यांत जास्त गोंधळ हाच उडवतो. त्याकडे पुढे येऊ.

कर्नल काय ठेवतो

किल्ल्या सांभाळण्याची ही सोय लिनक्स २.६.१० पासून कर्नलमध्ये आहे. प्रत्येक प्रोसेसला थ्रेड, प्रोसेस आणि सेशन अशा तीन कीरिंग असू शकतात. प्रत्येक यूआयडीसाठी एक यूझर कीरिंग (‘_यूआयडी.१०००’ अशा नावाची) आणि एक यूझर-सेशन कीरिंग (‘_यूआयडी_सेस.१०००’) असते. लिनक्स ३.१३ मध्ये त्यात पर्सिस्टंट कीरिंगची भर पडली. कमांडमध्ये यांची छोटी नावं वापरतात: सेशनसाठी @एस, यूझरसाठी @यू.

यात कळीची आहे ती सेशन कीरिंग. फोर्क आणि एक्झेक होताना, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी सुरू होताना, ती मुलाला वारशाने मिळते. म्हणजे तुमच्या शेलमधून सुरू झालेलं सगळं त्याच कीरिंगवर चालतं, आणि दुसऱ्या आईबापाकडून जन्मलेली प्रोसेस तुमच्याच यूआयडीची असली तरी वेगळ्या कीरिंगवर चालते. ‘मी तोच यूझर आहे, मग किल्ली का दिसत नाही’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. यूआयडी जुळणं पुरेसं नाही, वंश जुळावा लागतो.

ही कीरिंग लॉगइनच्या वेळी पॅमचं (लॉगइनची तपासणी आणि तयारी करणारी व्यवस्था) ‘पॅम_कीइनिट’ हे मॉड्यूल तयार करतं. नवी कीरिंग बनवल्यावर ते यूझर कीरिंगचा दुवा तिच्यात जोडतं, त्यामुळे @यू मधल्या किल्ल्याही सेशनमधून दिसतात. त्याचे दोन पर्याय माहीत हवेत. ‘फोर्स’ दिलं तर आधी कोणतीही कीरिंग असली तरी नवी बनते. ‘रिव्होक’ दिलं तर मॉड्यूलने स्वतः बनवलेली कीरिंग सेशन संपताना रद्द होते. एसएसएचच्या पॅम फाइलमध्ये सहसा हे दोन्ही असतात.

‘फोर्स’ नसेल तर मॉड्यूल आधी तपासतं की प्रोसेसकडे यूझर-सेशन सोडून दुसरी कीरिंग आहे का. असेल तर ते गप्प बसतं. सिस्टिमडीखाली (यंत्रावरच्या सर्व्हिस सुरू करणारी व्यवस्था) चालणाऱ्या डीमनला, म्हणजे पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रामला, सिस्टिमडीने स्वतःहून वेगळी कीरिंग दिलेली असते. त्यामुळे अशा डीमनच्या पॅम फाइलमध्ये फक्त ‘रिव्होक’ लिहिलं असेल तर ती ओळ असूनही तिचा काही उपयोग होत नाही.

पहिली तपासणी

जिथे बिघाड दिसतो त्याच शेलमध्ये, त्याच टीमक्स पेनमध्ये (पडद्याच्या त्याच भागात), त्याच सर्व्हिसच्या आतून चालवा:

कीसीटीएल शो

दुसऱ्या प्रोसेसची सेशन कीरिंग बाहेरून दाखवणारी फाइल /प्रॉकमध्ये (कर्नलची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) नाही. म्हणून शेजारच्या टर्मिनलमध्ये हीच कमांड चालवून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. सर्व्हिसच्या बाबतीत तिच्या युनिट फाइलमधली (सिस्टिमडीची मांडणीची फाइल) एक्झेकस्टार्टची ओळ तात्पुरती एका शेलमध्ये गुंडाळा: आधी ‘कीसीटीएल शो’, मग ‘एक्झेक’ने मूळ प्रोग्राम. उत्तर जर्नलमध्ये मिळेल. एक्झेकस्टार्टप्रीमध्ये वेगळी ओळ टाकून तपासू नका. तिला मुख्य प्रोसेसचीच कीरिंग मिळेल असं धरता येत नाही.

वरच्या ओळीत ‘_सेस’ आणि त्याखाली ‘_यूआयडी.१०००’ असेल तर लॉगइनची मांडणी ठीक आहे. ‘_यूआयडी_सेस.१०००’ दिसलं तर पॅम_कीइनिट चाललेलंच नाही आणि प्रोसेस त्या यूआयडीच्या सामायिक कीरिंगवर आहे. ‘_सेस’ आहे पण खाली ‘_यूआयडी’ नाही, त्याऐवजी ‘इन्व्होकेशन_आयडी’ नावाची किल्ली आहे, तर ती सिस्टिमडीने सर्व्हिससाठी बनवलेली कीरिंग आहे. आणि कमांडनेच ‘की हॅज बीन रिव्होक्ड’ म्हटलं तर थेट टीमक्सच्या भागाकडे जा.

कोटा भरला असेल तर

कॅट /प्रॉक/की-यूझर्स

प्रत्येक यूआयडीसाठी एक ओळ येते. शेवटचे दोन रकाने कामाचे आहेत: मोजणीत धरलेल्या किल्ल्या भागिले कमाल किल्ल्या, आणि मोजणीत धरलेले बाइट्स भागिले कमाल बाइट्स. साध्या यूझरला डिफॉल्ट मर्यादा २०० किल्ल्या आणि २०,००० बाइट्स. रूटला लिनक्स ३.१७ पासून १०,००,००० किल्ल्या आणि २,५०,००,००० बाइट्स आहेत, त्याआधी रूटलाही २०० आणि २०,०००च होते. त्यामुळेच रूटने तपासून पाहिलं की सगळं चालतं आणि सर्व्हिसच्या यूझरला मात्र अडतं.

आता दोन्हींपैकी काय भरलं ते पाहा, कारण उपाय वेगळे आहेत.

बाइट्स २०,०००च्या जवळ आणि किल्ल्या मोजक्याच असतील तर मोठा मजकूर असलेल्या किल्ल्या साठल्या आहेत. बहुतेक वेळा ही कर्बेरॉसची तिकिटं असतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडून येणाऱ्या तिकिटात यूझरच्या गटांची माहितीही भरलेली असते. यूझर जितक्या जास्त गटांत, तितकं तिकीट फुगतं, आणि काही किलोबाइटची अशी चार-पाच तिकिटं २०,०००ला पुरतात. कर्नलमध्ये ‘बिग_की’ हा प्रकार यासाठीच आहे. त्यात १ मेगाबाइटपर्यंत मजकूर मावतो आणि कोट्यात त्याच्या मजकुराचे फक्त १६ बाइट्स धरले जातात. तुमच्या कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॉन्फिग_बिग_कीज’ चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर कर्बेरॉसची लायब्ररी साध्या ‘यूझर’ प्रकारच्या किल्लीवर येते आणि प्रत्येक बाइट मोजला जातो. स्वतः बांधलेल्या, काटछाट केलेल्या कर्नलवर हा पर्याय सुटून गेलेला सापडतो.

किल्ल्यांची संख्या २००च्या जवळ असेल तर गळती आहे. कुणीतरी सतत नव्या सेशन कीरिंग बनवतंय आणि जुन्या सुटत नाहीत. कोणत्या आहेत ते पाहण्यासाठी /प्रॉक/कीज वाचा, पण त्या यूझरच्याच नावाने:

सुडो -यू सेवायूझर कॅट /प्रॉक/कीज

रूट म्हणून ही फाइल वाचली तर दुसऱ्याच्या किल्ल्या दिसत नाहीत. ज्या किल्लीवर वाचणाऱ्याला ‘व्ह्यू’ हक्क आहे तेवढीच यादीत येते, आणि इथे रूटला खास सवलत नाही. ‘/प्रॉक/की-यूझर्समध्ये १९८ दिसतात आणि /प्रॉक/कीजमध्ये बाराच’ हा घोळ त्यातूनच होतो.

दुसऱ्या रकान्यातल्या झेंड्यांपैकी ‘क्यू’ म्हणजे ही किल्ली कोट्यात मोजली आहे, ‘आर’ म्हणजे रद्द, ‘डी’ म्हणजे मेलेली. तिसरा रकाना वापराचा, म्हणजे कर्नलमधले किती संदर्भ तिला धरून आहेत. ‘_सेस’च्या डझनावारी ओळी आणि प्रत्येकीपुढे लहानसा वापराचा आकडा दिसला तर गळती पक्की. पर्सिस्टंट कीरिंगवर ‘क्यू’ नसतो, तिच्यामागे लागू नका.

कीरिंग सुटत का नाही? तिला धरून असलेली शेवटची प्रोसेस संपेपर्यंत ती कर्नलमध्ये राहते. लॉगआउटच्या वेळी ‘रिव्होक’ झालं तरी आतल्या किल्ल्या निकामी होतात, कीरिंगची वस्तू मात्र मोजणीत तशीच राहते. दर मिनिटाला एसएसएचने येऊन काहीतरी पार्श्वभूमीला सोडून जाणारी देखरेखीची स्क्रिप्ट असेल तर दर लॉगइनला एक कीरिंग अडकते, आणि २०० ही मर्यादा तीन-साडेतीन तासांत गाठली जाते. अशी उरलेली सेशन लॉगइनडीला (सिस्टिमडीचा लॉगइन सांभाळणारा भाग) माहीत असतात:

लॉगइनसीटीएल लिस्ट-सेशन्स
लॉगइनसीटीएल सेशन-स्टेटस <क्रमांक>

स्थिती ‘क्लोजिंग’ असेल तर माणूस (किंवा स्क्रिप्ट) निघून गेला आहे आणि प्रोसेस मागे राहिल्या आहेत. खालच्या झाडात त्या कोणत्या ते दिसतं. ‘लॉगइनसीटीएल टर्मिनेट-सेशन’ने ते सेशन बंद करा आणि /प्रॉक/की-यूझर्समधला आकडा उतरतो का पाहा. उतरला तर गुन्हेगार सापडला.

आकडा लगेच उतरला नाही म्हणून घाबरू नका. मुदत संपलेल्या आणि रद्द झालेल्या किल्ल्या कर्नल ‘जीसी_डीले’ इतका वेळ ठेवतो, डिफॉल्ट ३०० सेकंद. तेवढ्यानंतरही हलला नाही तर एक आडबाजूची शक्यता उरते. उघडी फाइल स्वतःबरोबर ती उघडणाऱ्याचे क्रेडेन्शियल्स (ओळख आणि हक्कांची नोंद) धरून ठेवते आणि क्रेडेन्शियल्स सेशन कीरिंगला धरतात. म्हणजे मूळ प्रोसेस मेली, पण तिने उघडलेलं सॉकेट किंवा फाइल एखाद्या दीर्घकाळ चालणाऱ्या डीमनला दिली असेल, तर कीरिंग त्या डीमनसोबत जिवंत राहते. तो डीमन रीस्टार्ट केला की सुटते. ही गोष्ट विरळा घडते, पण घडली तर तासन्‌तास खाते.

एखादी ठराविक किल्ली ताबडतोब घालवायची असेल तर ‘कीसीटीएल इनव्हॅलिडेट <क्रमांक>’ वापरा, ती ३०० सेकंद थांबत नाही. ‘कीसीटीएल रीप’ सध्याच्या सेशनखालच्या मेलेल्या किल्ल्या साफ करतं.

मर्यादा वाढवायची ती गळती शोधल्यावर, किंवा खरोखरच शेकडो सेशन एकाच यूझरखाली चालणार असतील तेव्हा. गळती तशीच ठेवून २००चे २,००० केले तर बिघाड दहापट उशिरा येईल, आणि तोवर आज हाती असलेले धागे निसटलेले असतील. वाढवताना दोन्ही आकडे एकत्र वाढवा, कारण नुसती संख्या वाढवली तर बाइट्स आडवे येतात:

सिसिटीएल -डब्ल्यू कर्नल.कीज.मॅक्सकीज=२०००
सिसिटीएल -डब्ल्यू कर्नल.कीज.मॅक्सबाइट्स=२००००००

रीबूट लागत नाही, पुढच्या किल्लीपासून लागू होतं. कायमसाठी याच दोन ओळी /ईटीसी/सिसिटीएल.डी/ खालच्या फाइलमध्ये लिहा. ही मर्यादा प्रत्येक यूआयडीला स्वतंत्र आहे आणि किल्ल्या कर्नलच्या मेमरीत राहतात, त्यामुळे अनेक यूझर असलेल्या यंत्रावर आकडे उगाच फुगवू नका.

आणखी एक सापळा. सर्व्हिस सुरू करताना कोटा भरलेला असेल तर सिस्टिमडी सर्व्हिस थांबवत नाही. ‘आउट ऑफ कर्नल कीरिंग्ज’ अशी ओळ फक्त डीबग पातळीवर लिहून पुढे जातं. सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह’ दिसते, पण तिला स्वतःची कीरिंग नसते, आणि मग तासाभराने कुठेतरी ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ उगवतं. तेव्हा १२६ दिसला तरी /प्रॉक/की-यूझर्सवर एक नजर टाकाच.

टीमक्स, स्क्रीन आणि ‘की हॅज बीन रिव्होक्ड’

क्रम असा घडतो. एसएसएचने लॉगइन झालं, पॅमने कीरिंग क्रमांक एक बनवली. टीमक्स सुरू केलं, त्याचा सर्व्हर तीच कीरिंग घेऊन पार्श्वभूमीला गेला. लॉगआउट केलं, ‘रिव्होक’मुळे कीरिंग एक रद्द झाली. सकाळी पुन्हा लॉगइन केलं, कीरिंग दोन मिळाली. मग टीमक्स ॲटॅच केलं, आणि इथे समज चुकतो. ॲटॅच केल्याने पडद्यावरची जोडणी नवी होते, पेनमधल्या शेलचा आईबाप जुना टीमक्स सर्व्हरच राहतो. त्यात उघडलेलं प्रत्येक नवं पेनसुद्धा रद्द झालेल्या कीरिंग एकवरच जन्माला येतं. बाहेर केइनिट केलं तर आत ते तिकीट दिसत नाही, आणि आत केलं तर १२८. ‘नोहप’ आणि ‘सेटसिड’ने सोडलेल्या कामांचंही असंच होतं.

अडकलेलं टीमक्स बंद न करता त्या एका पेनपुरता मार्ग:

कीसीटीएल सेशन - बॅश
कीसीटीएल लिंक @यू @एस

पहिल्या ओळीने नवी निनावी कीरिंग घेऊन नवा शेल उघडतो, दुसरीने यूझर कीरिंग तिच्यात जोडली जाते. दुसरी ओळ वगळू नका, ‘कीसीटीएल सेशन’ ते आपणहून करत नाही. मग तिकीट नव्याने घ्या. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामला याचा फायदा मिळत नाही, तो या नव्या शेलमधून पुन्हा सुरू करावा लागतो.

कायमचा उपाय म्हणजे टीमक्सलाच पहिल्यापासून स्वतःची कीरिंग द्यायची. ‘कीसीटीएल सेशन - टीमक्स’ असं सुरू केलं तर ती कीरिंग पॅमने बनवलेली नसते, म्हणून लॉगआउटला पॅम तिला हात लावत नाही. आत गेल्यावर @यू जोडा आणि तिकीट तिथेच घ्या.

‘सिस्टिमडी-रन --यूझर --स्कोप टीमक्स’ हा उपाय बऱ्याचदा सुचवला जातो. तो या बिघाडावर चालत नाही. स्कोपमध्ये प्रोसेस तुमच्याच शेलमधून सुरू होते, फक्त सीग्रुप (कर्नलने धरलेला प्रोसेसचा गट) बदलतो. त्यामुळे लॉगआउटला टीमक्स मारलं जाणं थांबेल, पण कीरिंग तीच जुनी राहील आणि रद्दही होईल. ‘--स्कोप’ काढून सर्व्हिस म्हणून चालवलं तर प्रोसेस यूझर मॅनेजरकडून (त्या यूझरच्या स्वतंत्र सिस्टिमडीकडून) जन्मते आणि त्याची कीरिंग घेते. मग यूझर मॅनेजर लॉगआउटनंतर टिकावा म्हणून ‘लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर’ही हवं.

पॅम फाइलमधून ‘रिव्होक’ काढून टाकण्याचा मोह टाळा. लॉगआउटनंतर माणसाच्या नावाची तिकिटं मागे उरलेल्या प्रोसेसच्या हाती राहू नयेत म्हणूनच ते तिथे आहे. एका टीमक्ससाठी सगळ्या यूझरचं हे संरक्षण काढणं योग्य नाही.

कर्बेरॉस वापरत असाल तर ‘केलिस्ट’ची पहिली ओळ पाहा. तिकिटं ‘कीरिंग:सेशन:’ प्रकारात असतील तर वरचं सगळं लागू. ‘कीरिंग:पर्सिस्टंट:’ असेल तर तिकिटं यूआयडीला बांधलेली असतात, सेशनला नाही, आणि लॉगआउट त्यांना पुसत नाही. पर्सिस्टंट कीरिंगची मुदत २,५९,२०० सेकंद, म्हणजे तीन दिवस असते आणि प्रत्येक वापरागणिक नव्याने मोजली जाते. शुक्रवारी संध्याकाळी सोडलेलं, मध्ये कशालाच हात न लावणारं काम मंगळवारी तिकीट मागायला गेलं तर ती रिकामी मिळेल. ‘पर्सिस्टंट_कीरिंग_एक्स्पायरी’ वाढवता येतं, पण तिकिटाची स्वतःची मुदत त्याने वाढत नाही.

किल्ली आपली, तरी ‘परमिशन डिनाइड’

नव्याने बनवलेल्या साध्या किल्लीवरचे हक्क ‘३एफ०१००००’ असतात. याचा अर्थ, जिच्या ‘ताब्यात’ किल्ली आहे त्या प्रोसेसला सगळे हक्क, आणि त्याच यूआयडीच्या इतरांना फक्त अस्तित्व दिसण्याचा. ताब्यात असणं म्हणजे तुमच्या थ्रेड, प्रोसेस किंवा सेशन कीरिंगपासून दुव्यांनी तिथवर पोहोचता येणं. @यू मध्ये किल्ली ठेवली, पण @यू तुमच्या @एस ला जोडलेली नाही, तर किल्ली यादीत दिसते आणि वाचायला गेलात की १३ मिळतो.

‘कीसीटीएल सेटपर्म’ने यूआयडीला वाचण्याचे हक्क देऊन हे ‘सुटतं’, पण तसं करू नका. त्या यूआयडीची कुठलीही प्रोसेस मग किल्ली वाचू शकेल. योग्य उपाय दुवा जोडण्याचा आहे: ‘कीसीटीएल लिंक @यू @एस’.

सिस्टिमडी सर्व्हिसमध्ये हेच घडतं, कारण तिथे ‘कीरिंगमोड’ डिफॉल्ट ‘प्रायव्हेट’ आहे: नवी कीरिंग, यूझर कीरिंगचा दुवा नाही. सर्व्हिसला तिच्या यूझरच्या किल्ल्या खरंच हव्या असतील तर युनिट फाइलमध्ये ‘कीरिंगमोड=शेअर्ड’ लिहा, डीमन-रीलोड करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. रूटखालच्या सर्व्हिसना सरसकट शेअर्ड करू नका, नाहीतर सगळ्यांच्या किल्ल्या एकमेकांना उघड्या होतील.

क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं बऱ्याच यंत्रांवर क्रॉन डीमनच्याच कीरिंगवर चालतात, लॉगइनची कीरिंग त्यांना कधी मिळतच नाही. हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि क्रॉनमधून पडते, ती यामुळे. क्रॉनटॅबच्या ओळीत ‘कीसीटीएल सेशन -’ पुढे स्क्रिप्ट द्या आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला @यू जोडून कीटॅबवरून (कर्बेरॉसच्या किल्ल्या साठवलेली फाइल) केइनिट करा.

‘सु’चं (यूझर बदलण्याची कमांड) वागणं मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे. साध्या ‘सु’मध्ये जुन्या यूझरची कीरिंग पुढे जाते, जेणेकरून त्याची टोकनं नव्या संदर्भातही चालावीत. ‘कीसीटीएल शो’मध्ये पहिल्या यूझरचा यूआयडी दिसला तर हे कारण. स्वच्छ कीरिंग हवी असेल तर ज्या वितरणात ‘सु -’च्या पॅम फाइलमध्ये ‘फोर्स’ आहे तिथे ते वापरा, नसेल तिथे वरचीच ‘कीसीटीएल सेशन’.

ग्राफिकल डेस्कटॉपवर टर्मिनल अनेकदा यूझर मॅनेजरकडून सुरू होतं, म्हणून लॉगइन स्क्रीनने टाकलेली किल्ली त्यात दिसत नाही. एफएसक्रिप्टने (लिनक्सची डिरेक्टरी एन्क्रिप्ट करण्याची सोय) एन्क्रिप्ट केलेली डिरेक्टरी एका टर्मिनलमध्ये उघडते आणि दुसऱ्यात १२६ देते, तेव्हा ती जुन्या पहिल्या आवृत्तीच्या पॉलिसीवर आहे असं समजा. त्या पॉलिसीत किल्ली प्रोसेसच्या कीरिंगमध्ये शोधली जाते. लिनक्स ५.४ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत ती फाइलसिस्टिमच्या कीरिंगमध्ये राहते आणि हा प्रश्नच उरत नाही. पॉलिसी जागेवर बदलत नाही. नवी रिकामी डिरेक्टरी दुसऱ्या आवृत्तीने बनवा आणि फाइल तिच्यात हलवा.

कंटेनर

रनसी (डॉकर कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा प्रोग्राम) प्रत्येक कंटेनरसाठी ‘_सेस.’ आणि कंटेनरचा आयडी अशा नावाची कीरिंग बनवतं. रूटच्या मोठ्या मर्यादेत ते खपतं. पण यूझर नेमस्पेसमधला (कंटेनरला वेगळे यूझर क्रमांक देणारी सोय) रूट हा कर्नलच्या दृष्टीने १,००,००० सारखा साधा यूआयडी असतो, आणि रूटची मर्यादा फक्त खऱ्या यूआयडी ० ला लागू होते. म्हणून रूटलेस कंटेनर किंवा एलएक्सडी या कंटेनर-व्यवस्थेच्या आत डॉकर चालवताना २००ची भिंत येते. इथे मात्र गळती नसतानाही मर्यादा वाढवणं रास्त आहे. वर दिलेले २,००० आणि २०,००,००० होस्टवर लावा.

डॉकरच्या डिफॉल्ट सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारी चाळणी) प्रोफाइलमध्ये ॲड_की, रिक्वेस्ट_की आणि कीसीटीएल हे तिन्ही सिस्टिम कॉल बंद असतात. होस्टवरची केआरबी५.कॉन्फ (कर्बेरॉसची कॉन्फिग फाइल) जशीच्या तशी आत नेली आणि तीत ‘कीरिंग:पर्सिस्टंट’ असेल तर केइनिट आत चालणारच नाही. सेककॉम्प सैल करण्यापेक्षा आतल्या फाइलमध्ये तिकिटांची जागा ‘फाइल:’ करा.

कोण बनवतंय ते कळत नसेल तर

एवढं करूनही कीरिंग कोण तयार करतंय ते सापडलं नाही तर कर्नलच्या ऑडिटला विचारा. सेशन कीरिंग बदलण्याचा कीसीटीएल कॉल पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये १ देतो, म्हणून नियम असा (एफ आणि एस मोठ्या लिपीतले, ए आणि के छोटे):

ऑडिटसीटीएल -ए ऑल्वेज,एक्झिट -एफ आर्च=बी६४ -एस कीसीटीएल -एफ ए०=१ -के कीरिंगशोध

काही वेळाने ‘एयूसर्च -के कीरिंगशोध -आय’ चालवा. प्रत्येक नोंदीत प्रोग्रामचा मार्ग, ‘एयूआयडी’ म्हणजे मुळात लॉगइन केलेला यूझर, आणि ‘सेस’ म्हणजे कर्नलचा सेशन क्रमांक मिळतो. बहुतेक यंत्रांवर हाच क्रमांक लॉगइनसीटीएलच्या यादीतला असतो, त्यामुळे थेट ते सेशन उघडून पाहता येतं. एयूआयडी ‘अनसेट’ (कच्च्या नोंदीत ४२९४९६७२९५) असेल तर ते काम कुठल्याही लॉगइनमधून आलेलं नाही, एखाद्या डीमनने केलं आहे. मग त्या प्रोग्रामच्या युनिट फाइलपासून शोध सुरू करा. गर्दीच्या यंत्रावर हा नियम खूप नोंदी ओततो. काम झालं की ‘-ए’च्या जागी ‘-डी’ घालून तोच नियम काढून टाका.